डेक्कन क्वीनचा केक, एक नातू, एक आजोबा आणि १ जून

मोगरीची_वेल (११ मे, रात्री १०:४२)

मंडळी, मदत हवीय. १ जूनला घरात दोन वाढदिवस आहेत. लेक सहा वर्षांचा होतोय, त्याचा जन्म खरोखरच १ जूनचा. सासरे पंचाहत्तर पूर्ण करतायत. त्यांचा १ जून शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेला. खरा वाढदिवस श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे कधीतरी. पण पेन्शनपासून आधारपर्यंत सगळीकडे १ जूनच लागलाय, म्हणून आता तोच खरा.

आबांनी मुंबईच्या बँकेत नोकरी केली आणि बावीस वर्षं डेक्कन क्वीनचा पास काढला. सकाळी ७:१५ ला पुण्याहून निघायचं, रात्री साडेआठला परत स्टेशनात. योगायोग असा की १ जून हा डेक्कन क्वीनचाही वाढदिवस. १ जून १९३० ला ती पहिल्यांदा धावली आणि दरवर्षी पुणे स्टेशनवर तिच्यासाठी केक कापतात. मग आम्ही वेगळी थीम कशाला शोधायची? लेकही सध्या आगगाडीशिवाय दुसरं काही बोलत नाही.

माझी तयारी: एक ओटीजी, कुकरात केलेले बरेच केक आणि एकदा केलेले कपकेक. माणसं पस्तीस. केक अंड्याशिवायच हवा, नाहीतर सासूबाई तोंडात घालणार नाहीत. प्रश्न: किती किलो करू? फाँडंट (लाटून केकवर चढवतात ती साखरेची पोळी) लागतंच का? आणि पुण्यातल्या जूनमध्ये हे सगळं टिकेल का? हसू नका.

केकवाली_शेजारीण (११ मे, रात्री ११:३०)

हसतंय कोण! मस्त कल्पना. मी सांगलीत घरूनच केकच्या ऑर्डरी घेते, आजवर चार आगगाड्या केल्यात. त्यातली पहिली आठवली की अजून कान लाल होतात.

किलोचं सोपं आहे. माणशी ८० ते १०० ग्रॅम धरायचे. पस्तीस जणांना तीन किलो भरपूर, कारण समोर इतरही खायला असणार. ८ इंची लोफ टिनमध्ये तीन केक कर, म्हणजे एक इंजिन आणि दोन डबे. पाचसहा डब्यांच्या नादाला लागू नकोस. सगळ्या डब्यांच्या खिडक्या कापेपर्यंत रात्रीचे दोन वाजतात आणि आपण नवऱ्यावर ओरडतो.

केक हलका, जाळीदार नको. कापून आकार द्यायचाय, घट्ट विणीचा हवा. मी कंडेन्स्ड मिल्कवर करते: ४०० ग्रॅमचा एक डबा, मैदा २५० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, सोडा १ चमचा (चमचे मोजमापाचे छोटे) आणि दूध अंदाजे एक कप. १८० अंशांवर ४० मिनिटांनी विणायची सुई घालून बघ. पूर्ण गार झाला की प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी काप. गरम केकला सुरी लावलीस तर कोसळलेली दरड बघायला मिळेल.

रेल्वेवेडा (१२ मे, सकाळी ७:०५)

एकच विनंती. कृपा करून डेक्कन क्वीनला धुराडं लावू नका. आगगाडीचा केक म्हटला की सगळे काळं वाफेचं इंजिन करतात आणि वर कापसाचा धूर काढतात. ही गाडी पहिल्या दिवसापासून विजेवर धावलीय. इंजिनाचं तोंड चौकोनी करा, टपावर पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारी चौकट) द्या.

आबांना काय ओळखू येईल म्हणाल, तर डायनिंग कार. बावीस वर्षं पास काढलेल्या माणसाला आणखी काही दाखवायची गरज नाही. रंग त्यांच्या वेळचा घ्या, निळा-पांढरा आणि मधून लाल पट्टा. १९३० साली दोन गाड्या होत्या, सात-सात डब्यांच्या. एक चंदेरी आणि लाल, दुसरी गडद निळी आणि त्यावर सोनेरी रेघा. सोनेरी रेघा केकवर सुंदर दिसतील, पण आबा काही १९३० साली पास काढत नव्हते.

मोगरीची_वेल (१२ मे, दुपारी २:१५)

इथेच घोळ आहे. लेकाला नवी गाडी हवीय. त्याने काचेच्या टपाचा विस्टाडोम डबा पाहिलाय आणि तो डबा नसेल तर 'ती खरी डेक्कन क्वीन नाही' असं त्याचं म्हणणं. आबांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी सरप्राइज आहे.

रेल्वेवेडा (१२ मे, दुपारी २:२१)

विस्टाडोम १५ ऑगस्ट २०२१ ला जोडला आणि २०२२ च्या जूनमध्ये सगळी गाडीच एलएचबी (नव्या बांधणीच्या) डब्यांची झाली. म्हणजे निळ्या-पांढऱ्या गाडीला विस्टाडोम आणि डायनिंग कार दोन्ही लावलेत तरी तुम्ही फार खोटं बोलणार नाही.

केकवाली_शेजारीण (१२ मे, दुपारी ३:००)

झालं की मग! इंजिन, डायनिंग कार, विस्टाडोम. तीन लोफ, तीन गोष्टी.

काचेच्या टपासाठी साखरेची काच करायला जाऊ नकोस. पुण्याच्या दमट हवेत तासाभरात चिकट होते. केकभोवती गुंडाळतात ती पारदर्शक पट्टी (आमच्या दुकानात तिला एसिटेट शीट म्हणतात) कमानीसारखी वाकवून दोन्ही कडा आयसिंगमध्ये रोवायच्या. आत दोन छोटी बाहुली-माणसं बसव. पोरं त्या डब्यापासून हलणार नाहीत.

दुपारची_झोप (१२ मे, दुपारी ४:४०)

एक प्रामाणिक शंका. सहा वर्षांच्या मुलाला आणि पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला हा खटाटोप हवाय, की फोटोंसाठी चाललंय हे? आमच्या लहानपणी शिरा व्हायचा, औक्षण व्हायचं आणि मुलं घरी जायची. बेकरीतून केक आणा आणि त्या दिवशी आबांशेजारी जरा बसा.

मोगरीची_वेल (१२ मे, सायं ६:१०)

दुपारची_झोप, राग नाही, शंका रास्त आहे. पण रविवारी मुलाने आणि मी जमिनीवर बसून खिडक्यांचे कागद कापले तेव्हा त्याने विचारलं, "आबा कुठल्या खिडकीत बसायचे?" मला सांगता आलं नाही. मग त्याने आबांना जाऊन विचारलं (सरप्राइज वाचलं, थोडक्यात). आबा तासभर बोलत होते. घाटात कर्जतला मागे इंजिन कसं लावायचे, कुठल्या बोगद्यात पत्त्यांचा डाव थांबवावा लागायचा, सगळं. बेकरीतला केक आणला असता तर हे झालं असतं का, कोण जाणे.

आणि हो, शिरा आहे. औक्षणही आहे. पंचाहत्तरी म्हणून सासूबाई कणकेचे ७५ दिवे करणार आहेत.

विदर्भकन्या (१३ मे, सकाळी ९:५०)

नागपूरकराकडून उन्हाचे चार शब्द, कारण मे महिन्यात ४५ अंशांत केक केलेत मी. बटरक्रीम विसर. लोणी ३२-३५ अंशांना पातळ व्हायला लागतं आणि पस्तीस माणसं हॉलमध्ये आली की पंख्याखालीही तेवढं तापमान होतंच. मी आयसिंगला गनाश वापरते. डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. व्हाइट चॉकलेट तीन भाग, क्रीम एक. कडक उन्हाळा असेल तर चॉकलेट थोडं आणखी वाढवायचं. कंपाउंड चॉकलेट घेतलंस तरी चालेल. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, ते उन्हात जरा जास्त तग धरतं. चवीला मूळ चॉकलेटची सर नाही, हे मात्र खरं.

डेअरीत मिळणारी २५ टक्के स्निग्धांशाची साधी क्रीम गनाशला चालते. ती फेटून फुलवायचा प्रयत्न करू नका, आयुष्य जाईल. फुलायला ३० टक्क्यांच्या वर स्निग्धांश लागतो.

मोगरीची_वेल (१७ मे, रात्री ११:५५)

रंगीत तालीम फसली. सगळ्यांनी सांगूनही मी बटरक्रीमच केलं, कारण लेकाला फाँडंट आवडत नाही. गडद निळा हवा होता. पांढऱ्या क्रीममध्ये निळा जेल घातला आणि झाला हिरवा. मोरपंखीही नाही, सरळ एसटीच्या जुन्या आसनाचा हिरवा. आणखी निळा घातला तर आणखी गडद हिरवा. लेकाच्या, माझ्या, नवऱ्याच्या, तिघांच्या जिभा मात्र निळ्या. त्यात इंजिन पुढे झुकलंय, घाट उतरताना ब्रेक न लागल्यासारखं. फोटो टाकत नाही.

हडसनकाठची_सई (१८ मे, पहाटे ४:२०)

न्यू जर्सीहून. अगं, लोणी पिवळं असतं ना, पिवळ्यात निळा गेला की हिरवाच होणार. माझ्या पहिल्या जलपरीची शेपटी अशीच झाली होती. आधी लोणी एकटंच सात-आठ मिनिटं फेट, अगदी पांढुरकं होईपर्यंत. मग टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच जांभळा रंग घाल. जांभळा पिवळ्याला मारतो, क्रीम पांढरी दिसते. त्यानंतर निळा. आणि निळा, लाल, काळा आदल्या दिवशी कालवून ठेव. रात्रभरात रंग आपोआप चढतो, कमी घालावा लागतो आणि कडूही लागत नाही. काळा हवा असेल तर चॉकलेट आयसिंगपासून सुरुवात कर, पांढऱ्यापासून नको.

केकवाली_शेजारीण (१८ मे, सकाळी १०:००)

+१. आता असं कर. सगळ्या डब्यांना व्हाइट गनाशचा लेप दे, सेट होऊ दे. त्यावर फक्त बाजूंना फाँडंटच्या पट्ट्या चिकटव. आधीच पांढरं असतं, त्यात जेल मळला की निळा निळाच राहतो. अख्खा केक फाँडंटने मढवायची गरज नाही. पट्टी पातळ लाट, पोळीपेक्षाही पातळ. ज्यांना नको ते साल काढल्यासारखी काढून ठेवतील. विकत घेताना हिरवा ठिपका बघ, काहींत जिलेटिन असतं.

इंजिन झुकलं कारण तू ते उभट केलंस. मधून जाड स्ट्रॉ खालपर्यंत घाल, दोन बास. पेंटोग्राफ आणि पाट्यांच्या फाँडंटमध्ये चिमूटभर सीएमसी पावडर (फाँडंट कडक वाळवणारी) मळून दोन दिवस आधी वाळत ठेव. चाकांची क्रीम बिस्किटं त्या दिवशी सकाळीच लाव, आदल्या रात्री लावलीस तर मऊ पडून गळतात.

आणि फ्रिज! फाँडंट लावलेला केक उघडा फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढलास की त्याला घाम फुटतो, रंग ओघळतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून ठेव, बाहेर काढल्यावरही खोकं तास-दीड तास उघडू नकोस. जो घाम यायचा तो पुठ्ठ्याला येतो.

मांडवीपल्याड (१८ मे, दुपारी १२:३५)

गोव्याहून एक सुचवू? आबांना चॉकलेट आवडतं का? आमच्याकडे वयस्कर माणसं चॉकलेट केकचा एक घास घेतात आणि बशी हळूच बाजूला सरकवतात. डायनिंग कारचा डबा बाथचा करून बघा. बाथ म्हणजे आमच्याकडचा रवा-नारळाचा केक, नाताळात होतो. मूळ कृतीत अंडी असतात, पण दह्यावरही चांगला होतो. वीण इतकी घट्ट की सुरीने कापलेली कड आरशासारखी येते.

मोगरीची_वेल (१८ मे, दुपारी १:०५)

आबांना चॉकलेट अजिबात आवडत नाही! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रमाण द्या ना.

मांडवीपल्याड (१८ मे, दुपारी १:५०)

बारीक रवा २ वाट्या, ओल्या नारळाचा चव २ वाट्या (मिक्सरमधून एकदा फिरवून), साखर सव्वा वाटी, दही १ वाटी, लोणी अर्धी वाटी, दूध लागेल तसं, वेलची. हे सगळं कालवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. रवा फुगतो, सकाळी दगडासारखं घट्ट दिसतं, घाबरू नका. दुधाने सैल करायचं, मग बेकिंग पावडर १ चमचा आणि सोडा अर्धा चमचा. पावडर-सोडा रात्री घालायचा नाही. १७० अंशांवर ४५-५० मिनिटं.

खडूचा_डबा (२० मे, सायं ५:३०)

मी शिक्षिका आहे, केकमधलं काही कळत नाही, पण पार्टीचं सांगते. निमंत्रण म्हणून जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटासारखं तिकीट करा, ५७ मिमी बाय साधारण ३०. जाड कार्डशीटवर छापून नेमकं कापा, मोठं केलंत की ते तिकीट वाटत नाही. दारात एक मूल टीसी. त्याच्या हातात स्टेशनरीच्या दुकानातलं एक भोकाचं पंच द्या. आमच्या वर्गात हे केलं तेव्हा पुढचे दोन तास बाकी खेळ कुणी खेळलंच नाही. सगळ्यांना टीसी व्हायचं होतं. पाळी लावून द्या, नाहीतर मारामारी.

खाण्याच्या टेबलावर स्टेशनं करा. कर्जतला बटाटेवडे, लोणावळ्याला चिक्की. डायनिंग कारच्या पाटीखाली कटलेट आणि चीज टोस्ट.

दुपारची_झोप (२० मे, सायं ६:०२)

चीज टोस्ट असेल तर मी शंका मागे घेतो.

मोगरीची_वेल (३ जून, रात्री ९:३०)

धागा वर काढतेय. झालं सगळं! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळे निम्मे यजमान आहात.

३१ मे ला दुपारी दोन डबे तयार होऊन खोक्यात गेले आणि साडेचारला वळीव आला. गारा, वारा आणि अर्थात वीज गेली. तीन तास. गनाश हललं नाही, विदर्भकन्येला दंडवत. पाट्यांपैकी एकीत मी सीएमसी घालायला विसरले होते, ती दमट हवेने वाकली आणि जीभ बाहेर काढल्यासारखी लोंबायला लागली. ती काढून लेकाच्या वहीच्या पिवळ्या पुठ्ठ्याची पाटी लावली, कुणाला कळलंही नाही. बाथ सकाळीच भाजून झाला होता म्हणून वाचले.

पाया म्हणून नवऱ्याचा इंजिनिअरिंगचा जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढला आणि फॉइल गुंडाळली. तीन डबे सरळ मावेनात, म्हणून गाडी तिरकी, वळणावर मांडली. चुकून घाटाचा भास झाला. रूळ म्हणून चॉकलेटच्या काड्या, खडी म्हणून कुस्करलेली बिस्किटं. एका टोकाला 'पुणे' आणि दुसऱ्या टोकाला 'मुंबई' असे झेंडे.

आधी औक्षण. ७५ दिव्यांचं ताट सासूबाईंच्या हातात जड झालं, म्हणून नणंदेने खालून धरलं. दिवे विझवायचे नाहीत, मेणबत्ती फुंकायची, हे लेकाला आधीच समजावलं होतं. मेणबत्ती वेगळ्या कपकेकवर लावली, म्हणजे गाडीवर थुंकी नाही.

मग खोकं उचललं. आबा काही बोललेच नाहीत. चष्मा कपाळावर नेला, वाकले आणि डायनिंग कारच्या खिडक्या बोटाने मोजल्या. मला वाटलं चुकल्या. मग झेंड्यांकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं आणि म्हणाले, "इंजिन पुण्याकडे आहे. म्हणजे ही संध्याकाळची, पाच-दहाची." मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात म्हणाले, "असू दे. घरी येणारीच बरी."

लेकाने विस्टाडोमचं टप काढून डोक्याला लावून बघितलं. पस्तीसपैकी निदान वीस जणांनी निळ्या पट्ट्या सोलून बशीच्या कडेला ठेवल्या. पोरांनी फक्त चाकं खाल्ली. पण डायनिंग कार पंधरा मिनिटांत संपली. आबांच्या गाडीतले एक जुने मित्र आले होते, त्यांनी तिसरा तुकडा मागितला तेव्हा बोर्डावर फॉइल आणि 'डायनिंग कार' अशी पाटी एवढंच उरलं होतं. पाटी त्यांनी खिशात घातली.

पंचच्या भोकांचे कागद अजून सोफ्यात सापडतायत.

रेल्वेवेडा (३ जून, रात्री ९:४४)

आबांचं बरोबर आहे. ५:१० ला सीएसएमटीहून निघते. पेंटोग्राफ होता ना?

मोगरीची_वेल (३ जून, रात्री ९:५०)

होता. टीसीने त्यालाही भोक पाडलं.

केकवाली_शेजारीण (३ जून, रात्री १०:१५)

शाब्बास! आता फोटो टाक. आणि तो हिरव्या इंजिनाचाही टाक.

साबुदाणा_उसळ (४ जून, सकाळी ८:२०)

धागा एका बैठकीत वाचला. बाथच्या कृतीत ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं चालेल का? पुढच्या महिन्यात बाबांची साठी आहे, ते शेतकरी. ट्रॅक्टर करायचा विचार आहे.

मांडवीपल्याड (४ जून, सकाळी ९:०५)

चालेल, पण कोमट दुधात अर्धा तास भिजवून घ्या, नाहीतर कोरडा होतो. ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी असतात, ती बाथची करा.

केकवाली_शेजारीण (४ जून, सकाळी ९:१२)

आणि नवीन धागा काढा, इथे मिसळू नका. ट्रॅक्टरवर मला बरंच बोलायचंय.